घरी जा म्हणणारा महाराज

ज्याच्या नरड्यावर मी दर पुनवेला वस्तरा धरायचो तो माणूस मला आवडत नव्हता. त्यालाही हे माहीत होतं. तरी मान वर करायचा, डोळे मिटायचा आणि निवांत बसायचा. तो निवांतपणाच मला खुपायचा. दुसरा कुणी असता तर निदान एकदा डोळा किलकिला करून माझ्या हाताकडे बघितलं असतं.

आता तो गेला. मठातल्यांनी मला कळवलंसुद्धा नाही. संन्याशाला जाळत नाहीत, बसता करून मातीत ठेवतात. त्याआधी डोकं-दाढी स्वच्छ करतात. त्यासाठी लोणीतल्या कुठल्याशा सलूनवाल्याला बोलावलं आणि त्यानं म्हणे मशीन फिरवलं. इतकी वर्षं मी पाण्यावर वस्तरा चालवला आणि शेवटी मशीन! ऐकून राग आला, मागाहून हसूही आलं. उठून बसता आलं असतं तर टाळूवरून हात फिरवून म्हणाला असता, "हे खुंट कोनासाठी ठेवले?"

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी बोलणार नाही. मेला म्हणून माणूस गोड होत नाही. माझ्या दुकानात एक मास्तर येतात. ते म्हणाले, "बबनराव, त्या साधूबद्दल एवढं तावातावानं बोलता, एकदा लिहूनच काढा." मी चौथी शिकलेला. म्हटलं लिहितो, पण मागाहून कुणी म्हणू नका की बबननं मेलेल्याची निंदा केली. केली आहे. सांगून करतोय.

मठ लोणी काळभोरच्या पुढं, सोलापूर रस्ता सोडून उसाच्या आत. माझं दुकान कोथरूडला. एवढ्या लांब मी मरायला जायचो ते माझ्या बायकोमुळं. शकू लोणीची. मठाची हजामत तिच्या वडिलांकडं होती. संन्यासी लोक पुनवेलाच डोकं-दाढी करतात, मधे करत नाहीत. म्हातारा गेला तेव्हा शकू म्हणाली, "बाबांचं काम बंद पडू देऊ नका." मी म्हटलं, मला काय पडलंय? पण गेलो. एकदा गेलो तो जातच राहिलो. कोथरूडहून स्वारगेट, तिथून दुसरी बस, हडपसरला तासन् तास अडकायचं, मग उसातनं पायी. बगलेत हत्यारांची धोपटी.

मठात एक मोठे महाराज होते, फार थकलेले. काहीही विचारलं की म्हणायचे, "कोठीला विचारा." कोठी म्हणजे धान्याची खोली. तिच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, तोच कोठी. त्याला लांबलचक संन्यासाचं नाव होतं, ते कुणी घेत नसे. तोंडावर मी त्याला महाराज म्हणायचो, मनात कोठी. इथंही कोठीच म्हणतो.

उंच, वाळका, कान सुपासारखे. डोक्याला मागच्या बाजूला एक खळगा, तिथं वस्तरा नेहमी अडायचा. मूळचा वऱ्हाडातला. पुण्याच्या बाजूला उभा जन्म गेला पण भाषा तसूभर हलली नाही. आमच्या पुण्यात माणूस अपमान करतो तोसुद्धा 'आपण' म्हणून करतो. कोठीला तेवढी उसंत नव्हती. मठाच्या फाटकात कुणीही उभं राहिलं, बाई असो, बाप्या असो, मोटारीतला असो, की पहिला प्रश्न, "काऊन आला?" म्हणजे कशाला आलास.

मला तो साबण वापरू द्यायचा नाही. "वास मारते," म्हणायचा. थंड पाण्यावर दाढी. झाली की डोक्यावरून सावकाश तळवा फिरवायचा, जसं काही मी तिथं काही चोरून ठेवलंय. एखादा केस लागला की तेच, "हे कोनासाठी ठेवलं?" कधी 'बरी केली' म्हणाला नाही. हजामतीआधी किल्ल्यांचा जुडगा खुंटीला टांगायचा आणि नंतर आंघोळ होईतो कशाकशाला हात लावायचा नाही. सरळ विहिरीवर. मठातले बाकीचे दोन-चार संन्यासी निदान 'बबन, चहा घे' तरी म्हणायचे. हा नाही.

शकू माझ्याबरोबर दर पुनवेला कारळ्याची चटणी द्यायची. तिच्या हातची चटणी आमच्या चाळीत प्रसिद्ध होती. पहिल्यांदा दिली तेव्हा कोठीनं बरणी उघडली, वास घेतला, चुलीपाशी गेला आणि सगळी चटणी डाळीच्या मोठ्या पातेल्यात ओतली. ढवळलीसुद्धा. मी म्हटलं, "महाराज, अहो पानात वाढायची होती ती!"

"आता सगळ्याईले भेटन," म्हणाला. "चव कोनालेच नाई."

मी घरी येऊन शकूला सांगितलं, त्या माणसाला पुन्हा काही द्यायचं नाही. ती खळखळून हसली. म्हणाली, "टाकली तर नाही ना? पोटातच गेली ना? मग झालं तर." आणि पुढच्या पुनवेला पुन्हा बरणी. दर वेळी त्यानं ती पातेल्यात ओतली, दर वेळी मी चिडलो, दर वेळी ती हसली. मला अजूनही कळलेलं नाही ती कुणाला हसायची, त्याला की मला.

तिची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढं ती येणार आहे. आमच्या धंद्यात रीत आहे. दुकानातून घरी आलं की न्हाव्यानं आधी घरात कशाला शिवायचं नाही, अंगावर जगाचे केस असतात. चाळीत होतो तेव्हा मी मागच्या दारी येऊन उभा राहायचो. भिंतीला टेकायचं नाही, कडीला हात नाही, दोन्ही हात अंगापासून लांब धरायचे. शकूला पाऊल ओळखू यायचं. बंबातलं पाणी बादलीत काढून आणायची, दगडावर टॉवेल ठेवायची आणि म्हणायची, "गरम आहे. घ्या." पुढं पोरानं फ्लॅट घेतला. फ्लॅटला मागचं दार नसतं. मग पुढच्या दारात, पायपुसण्यावर. लिफ्टनं येणारे-जाणारे बघायचे. शकू आतून बाथरूमचं दार उघडून ठेवायची आणि हाक मारायची, "गरम आहे. या." लग्न झाल्यापासून या गोष्टीत खंड पडला नाही. भांडण असलं तरी पाणी असायचं, फक्त मग ती बोलायची नाही.

तर कोठी. या माणसाकडं मठानं एक मोठं काम दिलेलं होतं. साधू व्हायचं म्हणून जो कुणी येईल तो साधू व्हायच्या लायकीचा आहे का नाही, हे कोठीनं ठरवायचं. तुम्हाला वाटेल तो शास्त्र विचारत असेल, ध्यानाला बसवत असेल. काही नाही. तो विचारायचा, "घरी कोनाशी भांडला?" आणि पडवीतल्या दगडी ओट्यावर बसवायचा. फोन नाही, पोथी नाही, माळ नाही, काम नाही. जेवणाच्या हाकेला उठायचं, जेवून पुन्हा ओट्यावर. मी एकदा विचारलं, निदान भांडी तरी घासायला द्या. तर म्हणाला, "कामाले लावलं की गाढवबी टिकते. रिकामं बसवून पाह्य."

कोथरूडचा एक पोरगा माझ्याकडं केस कापायचा. कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला, पगार चांगला, चेहरा उतरलेला. मी मठात जातो म्हटल्यावर मागं लागला. "काका, मला घेऊन चला ना. मला जस्ट बघायचंय, तसली लाइफ मला सूट होते का." नेला. फाटकात कोठी.

"काऊन आला?"

"स्वामीजी, ॲक्च्युअली मला मंक व्हायचंय. म्हणजे कन्फर्म नाहीये. आधी थोडे दिवस ट्राय करून बघतो."

कोठीनं माझ्याकडं पाहिलं. "काय म्हन्ते हा?"

मी सांगितलं, आधी राहून बघतो म्हणतोय, जमतंय का.

"चपला आहे काय? पायात घालून पाह्याले?"

बसवला ओट्यावर. मागाहून कळलं, पहिल्या दिवशी पोरगा छान बसला. दुसऱ्या दिवशी विचारायला लागला, किचनमध्ये हेल्प करू का, मठाची वेबसाइट बनवून देऊ का, झाडांना पाणी घालू का. प्रत्येकाला एकच उत्तर, "नाई."

"मग मी करू काय?"

"बस."

आठवडा काढला नाही त्यानं. दुकानात येऊन मला म्हणाला, "काका, टॉक्सिक माणूस आहे तो." हा इंग्रजी शब्द मला न विचारता समजला. पुढं त्याचं लग्न झालं. अजून माझ्याकडेच येतो, मठाचं नाव काढत नाही.

बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आले होते. मी ओसरीवर दुसऱ्या एका स्वामींची दाढी करत होतो, म्हणून सगळं माझ्यासमोर घडलं. साहेब मोटारीतून उतरले, पाठोपाठ घडीची खुर्ची उतरली. म्हणाले, "नमस्कार. आपल्याकडे खोलीला जोडून संडास असतो ना? आणि मला पंगतीत मांडी घालता येत नाही, म्हणून खुर्ची मी घरूनच आणली आहे. संन्यासाचं माझं पक्कं आहे. प्रश्न फक्त सोयीचा आहे."

कोठी सरळ मोटारीकडं गेला. आत त्यांच्या बाई बसलेल्या. खिडकीपाशी वाकून म्हणाला, "बाई, याले सोडता काय?"

बाई अस्सल पुण्याच्या. म्हणाल्या, "महाराज, आनंदानं सोडते. फक्त परत पाठवायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

आम्ही सगळे हसलो. साबण नव्हता म्हणून बरं, नाहीतर त्या स्वामींच्या तोंडात गेला असता. साहेबसुद्धा ओशाळून हसले. कोठी हसला नाही.

"हाकलून देनं येगळं, सोडनं येगळं," तो म्हणाला. "जिले सोडवत नाई अन् तरी सोडते, ती परवानगी. तुमाले त कटाळा आला. बायकोच्या कटाळ्यानं मानूस साधू होत नाई. घरी जा. दोघंबी."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी काच वर केली. मला त्या बाईची दया आली. एक थट्टा केली बिचारीनं, घरात करतात तशी, आणि यानं चारचौघांत ती थट्टा उचलून तिच्याच पुढ्यात ठेवली. मी घरी येऊन शकूला म्हटलं, असल्या माणसाला देव तरी कसा भेटत असेल. शकू म्हणाली, "भेटत असेल तर त्यालाही विचारत असेल, काऊन आला."

ती अशी बोलायची.

शकू गेली. आजारपण नाही, काही नाही. सकाळी उठली नाही. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तेरावं झालं आणि पुनव आली. महेश, माझा मुलगा, म्हणाला, "बाबा, या वेळी राहू द्या." मी गेलो. तिनं काम बंद पडू देऊ नका म्हटलं होतं. कोठीनं सवयीनं बरणीसाठी हात पुढं केला. मी म्हटलं, "बरणी नाही. शकू गेली." त्याचा हात तसाच राहिला थोडा वेळ. मग मागं घेतला. किल्ल्या खुंटीला टांगल्या, येऊन माझ्यासमोर बसला, मान वर केली, डोळे मिटले. बस. अरेरे नाही, कशी गेली नाही, ओम नाही, शांती नाही. इतकी वर्षं तिची चटणी खाल्ली याच्या पातेल्यानं. त्या दिवशी माझं वस्त्र्याकडं लक्ष नव्हतं आणि वस्तरा त्याच्या गळ्यावर होता. तो हलला नाही. लोक म्हणतील, विश्वास होता. मी म्हणतो, दगड होता.

दुकान पुन्हा सुरू केलं. पहिल्याच संध्याकाळी घरी येऊन पायपुसण्यावर उभा राहिलो. सुनेनं दार उघडलं. स्वाती. पोरगी चांगली आहे. "बाबा, दारात काय उभे? या ना आत." आत गेलो. सोफ्यावर बसलो. मी उठल्यावर तिनं लहान ब्रश घेऊन सोफ्यावरचे केस गपचूप झाडले. मी पाहिलं ते तिला कळलं नाही. तिची काही चूक नव्हती, आंघोळ तिनं पाहिली होती, पण ती कशासाठी हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पण रोज तो ब्रश, रोज ते 'या ना आत'. महेश म्हणायला लागला, "बाबा, आता कशाला दुकान? कारागीर बघेल." घर आपलंच होतं आणि मला त्यात शिरता येत नव्हतं. मग ठरवलं, मठात जायचं. कायमचं. शकू नाही तर घर कशाला, आणि घर नाही तर भगवं काय वाईट. अडवणारं आता कुणी नव्हतं.

मोठ्या महाराजांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "कोठीला विचार."

"काऊन आला?" कोठी म्हणाला. पुनव नव्हती.

"राहायला आलोय. संन्यास घ्यायचाय."

"घरी कोनाशी भांडला?"

"कुणाशी नाही."

"मंग त घरी जाय. भांडन नाई त कायले आला?"

मी ऐकलं नाही. तो म्हणाला, संन्यास घेणारा स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हातानं करतो, मग त्याला दुसऱ्या कुणाचं करता येत नाही. तुझ्या बायकोचं वर्षश्राद्ध व्हायचंय. मी म्हटलं, महेश करेल. "अन् परवानगी?" म्हणाला. मी म्हटलं, "मेलेल्या बाईची परवानगी कुठून आणू?"

"तेच त मी विचारून राहिलो."

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "सरळ सांगा ना, न्हावी आहे म्हणून नको. तुमचं डोकं करायला चालतो, शेजारी बसायला चालत नाही."

दुसरा कुणी असता तर कानावर हात ठेवले असते, छे छे म्हणाला असता. कोठी म्हणाला, "संन्याशाले जात नसते असं मी नाई म्हनत. असते. मठात मी बी पाह्यली. पन तुले नाई म्हनतो ते त्याच्यासाठी नाई."

"मग कशासाठी?"

"बस ओट्यावर. तुलेच दिसते का पाहू."

बसलो. आणि सांगतो, मी बसलो तसा त्या ओट्यावर कुणी बसला नसेल. कॉम्प्युटरवाल्या पोराला जे जमलं नाही ते मला सहज जमत होतं. उन्हं यायची, जायची. कावळे, उसातनं जाणारे ट्रॅक्टर, भांड्यांचे आवाज. मला काही नको होतं. फोन आठवला नाही, दुकान आठवलं नाही. बाकीचे स्वामी म्हणायला लागले, "बबन, तू तर आधीचाच साधू निघालास." संध्याकाळी तेवढं गोठ्यामागं नळापाशी जायचो, पाय मोकळे करायला. पुन्हा ओटा. महेश दोनदा न्यायला आला, हात हलवत परत गेला. स्वाती त्याच्याबरोबर आली होती, रडली. मी ओट्यावरून उठलो नाही. मोठे महाराजसुद्धा एकदा पडवीत आले, माझ्याकडं बघून मान हलवली. मला वाटलं, झालं. आता हा कोठी काय बोलतो ते बघायचं. त्याच्याच परीक्षेत त्याला हरवला.

एके दिवशी जेवणानंतर सगळे ओसरीवर असताना त्यानं मला बोलावलं. मी उभा राहिलो. म्हटलं, "बसलो ना महाराज? काही मागितलं नाही. कुरकुर केली नाही."

"तू बसून नाई राहिला," कोठी म्हणाला. "तू वाट पाहून राहिला."

"कुणाची?"

"रोज तिनीसांजले गोठ्यामांगं कायले जाते?"

"पाय मोकळे करायला."

"पाय मोकळे करनारा फिरते. तू उभा राहते. नळ सोडत नाई, भिंतीले टेकत नाई. असा उभा राहते. पाह्य."

आणि त्यानं करून दाखवलं. त्या सगळ्यांसमोर. पाय जुळवून उभा राहिला, मान थोडी खाली, कान आतल्या चाहुलीकडं, आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरले. बोटं पसरून. कशाला लागू नयेत म्हणून.

मला कुणी तोंडात मारली असती तरी चाललं असतं. मी तसा उभा राहत होतो हे मला माहीतच नव्हतं. आईशपथ माहीत नव्हतं. मी तिथं कुणाचे केस कापत नव्हतो, माझे हात स्वच्छ होते. पायच संध्याकाळी मागच्या दाराला जाऊन उभे राहायचे. आणि हे जे माझं आणि शकूचं होतं, चार भिंतींतलं, ज्याचं आम्ही एकमेकांतसुद्धा कधी नाव काढलं नाही, ते हा वाळका माणूस ओसरीवर उभा राहून माकडासारखं करून दाखवत होता. कुणीतरी हसलं. लगेच गप्प झालं.

मी बोललो. जे तोंडात आलं ते बोललो. ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "तुला बायको असती तर कळलं असतं!" अरे-तुरे केलं.

"नव्हती," तो म्हणाला. हात खाली घेतले. "वाट पायनारा मानूस इथी कामाचा नाई. तुले अजून कोनीतरी पानी आनून द्याचं आहे. इथी कोनी कोनाले पानी देत नाई. घरी जाय."

आलो घरी. बसमध्ये उभ्यानं आलो, जागा असून बसलो नाही. संध्याकाळ झालेली. दारात थांबलो. स्वातीनं उघडलं आणि तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "आत या म्हणू नकोस. ऐक." आणि त्या पायपुसण्यावर उभं राहून तिला सगळी रीत सांगितली. केस, हात, बादली, टॉवेल. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडं होतं, त्यांनीही ऐकलं असेल. ऐकू दे. पोरगी मग डोळे पुसून म्हणाली, "मग हे आईंनी मला आधी सांगायला नको का? मी आपली ब्रश घेऊन फिरतेय." आत गेली, पाणी सोडल्याचा आवाज आला.

तेव्हापासून पाणी असतं. गिझरचं असतं, कधी कोमट, कधी चटका बसेल असं. बंबाचं ते बंबाचं. पण असतं.

म्हणून कोठी बरोबर होता असं कुणी म्हणत असेल तर मी म्हणणार नाही. हेच त्याला मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. चांगलं सांगायला काही खर्च येत नाही. माणसाचं दुःख चव्हाट्यावर उभं करून दाखवायचा अधिकार याला भगव्यानं दिला का किल्ल्यांनी दिला? मी त्याला माफ केलेलं नाही. वर्षश्राद्ध महेशनं केलं, शेजारी मी बसलो. त्या दिवशीसुद्धा पहिल्या घासाला मला कारळ्याची चटणी आठवली, आणि चटणीबरोबर तो मेला आठवला. एवढी जागा त्यानं माझ्या घरात उगीच अडवून ठेवली आहे.

हजामत मात्र बंद केली नाही. ती त्याची नव्हती, शकूच्या बापाची होती. पुनवेला जायचो. कोठी समोर बसायचा, मान वर, डोळे मिटून. मी बोलत नव्हतो, तो आधीही बोलत नव्हता. फरक आमच्या दोघांनाच कळत असेल.

शेवटचं पाहिलं ती गोष्ट. तो फार वाळला होता. मान धरायला हात लावला तर हाडंच हाताला लागली. बसल्या बसल्या श्वास लागत होता. डोकं झालं, दाढी झाली. त्यानं तळवा फिरवला. काही बोलला नाही, म्हणजे केस सापडला नसावा. मी वस्तरा पुसला, तुरटी गुंडाळली, धोपटी बांधली आणि फाटकाकडं निघालो. तसाच, नेहमीसारखा, अंगावर मठाचे केस घेऊन. घरी जाऊनच धुवायचे.

"थांब," मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर कोठी विहिरीकडून बादली ओढत आणत होता. किल्ल्या खुंटीलाच होत्या. खांद्या-छातीवर केस तसेच. आंघोळीआधी त्यानं कशाला हात लावलेला मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. पावलागणिक थांबत होता, पाणी हिंदकळून निम्मं त्याच्या पायावर सांडत होतं. मी मदतीला गेलो नाही. खरं सांगतो, उभा राहून बघत होतो. त्यानं बादली गोठ्यामागं नळापाशी नेली, माझ्या त्याच जागेवर ठेवली, मी मागोमाग गेलो. खांद्यावरचा भगवा फडका दगडावर टाकला.

"घे," म्हणाला.

मी हात घातला. पाणी बर्फासारखं.

"गार आहे," मी म्हटलं.

"हाव."

"आमची कधी गार देत नव्हती."

"मंग आता कोन देते?"

"सून. गरम देते."

"मंग इथी कायले उभा आहे?"

एवढं बोलून वळला. मी हात-तोंड धुतलं, मान धुतली, त्या फडक्याला पुसली. फडक्याला धान्याचा वास येत होता. मान वर केली तेव्हा तो विहिरीच्या वाटेला लागला होता, सावकाश, भिंतीला न टेकता. टेकायची गरज होती, तरी टेकत नव्हता. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, बोटं पसरलेली. विहिरीवर त्याच्यासाठी पाणी काढून ठेवणारं कुणी नव्हतं.

ओसरीवर तेव्हा बाकीचे सगळे बसले होते. मला त्याची नक्कल करता आली असती.

केली नाही.